काचबाई

साल १९८३. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि माझ्यासमोर एक बाई बसली होती, जिची पापणी लवत नव्हती. मी मनात आकडे मोजायला लागलो. एकवीसपर्यंत आलो तेव्हा तिने एकदा डोळे मिटले, उघडले, हातातल्या पाचांपैकी एक अँप्यूल लाल डब्यात टाकली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मोजून झालं? मग ट्रे खाली ठेव. हात भरून येतील."

अँप्यूल म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची ती नाजूक काचेची नळी, जिची मान मोडून सुईने औषध ओढून घेतात. मुलुंडला एलबीएस रोडच्या आत अशी इंजेक्शनं भरणारी एक कंपनी होती. नाव सांगत नाही. आता तिथे चोवीस मजल्यांची इमारत आहे आणि खाली वॉचमन मला उभा राहू देत नाही. त्या कंपनीत मी साध्या हमालाचं काम करत होतो, धुतलेले, भरलेले ट्रे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात न्यायचे. आणि ही बाई तपासणी खात्यातली सगळ्यात जुनी. तोंडावर सगळे तिला 'बाई' म्हणायचे. पाठीमागे 'काचबाई'. पुढे त्याच खात्यात मी एकतीस वर्षं काढली, पण तिथलं माझं पहिलं वर्ष त्यांचं होतं. तेवढंच लिहितो.

आधी माझ्या शिक्षणाचं सांगून टाकतो, कारण लोक लगेच विचारतात. माझी शाळा पुरी झालेली आहे. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती आणि ती मी सगळी केली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती, तो शाळेचा दोष, माझा नाही. हे मी मुलुंडला पहिल्याच आठवड्यात जरा छाती काढून सांगितलं, आणि त्या दिवसापासून माझं नाव 'सातवी पास' पडलं. नाव ठेवलं बाईंनीच. "ए सातवी पास, इकडे ये." मला राग यायचा. पण जायचो.

तपासणीची खोली कायम अर्धी काळोखी. तेरा बायका, तेरा टेबलं. प्रत्येक टेबलावर देव्हाऱ्याएवढी एक लाकडी पेटी, आत वरच्या बाजूला झाकलेली ट्यूब, मागची पाटी अर्धी काळी आणि अर्धी पांढरी. पाच अँप्यूल मानेला धरायच्या, हळूच उलट्या करायच्या, हळूच सुलट्या करायच्या आणि त्या उजेडात बघायच्या. काळ्यावर काच चमकते, पांढऱ्यावर कचरा दिसतो. दिसलं की लाल डबा. नाही दिसलं की पांढऱ्या ट्रेमध्ये. बोलायला बंदी. दिवसभर त्या खोलीत फक्त काचेला काच लागल्याचा आवाज.

मी त्या खोलीत कसा शिरलो, तर माझ्या तोंडामुळे. एकदा तपासून झालेला ट्रे पॅकिंगला नेताना मी दारात थांबलो आणि म्हणालो, "यात एकीत केस आहे." तो ट्रे विमलचा होता. विमल म्हणजे दाराजवळच्या टेबलावरची, जिभेची तिखट. ती म्हणाली, "हमालाने हमाली करावी. मोठा आला डोळस!" काचबाई उठल्या, ट्रे खिडकीशी नेला आणि मला विचारलं, "कुठली?" मी बोट दाखवलं. त्यांनी ती अँप्यूल उलटी-सुलटी केली. केस होता, पापणीचा असावा एवढा. विमलने तोंड फिरवलं. बाई तशाच नाडकर्णी साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. नाडकर्णी आमचे सुपरवायझर. बाहेर आल्या ते म्हणाल्या, "सोमवारपासून माझ्या शेजारी बसायचं. आणि येताना नखं कापून ये."

बायकांच्या खात्यात मी एकटा पुरुष. खोलीवर गाववाल्यांनी चिडवून जीव नकोसा केला. भांडुपच्या डोंगरावर आम्ही सहा जण एका खोलीत राहत होतो, कोणी पहिल्या पाळीचा, कोणी तिसऱ्या, कोणी हॉटेलात. सहा जण म्हणायला. जागे असे दोघे एका वेळी क्वचित असायचो. कित्येक दिवस असे गेले की सकाळपासून झोपेपर्यंत माझ्याशी बोललेलं माणूस म्हणजे फक्त काचबाई, आणि त्याही काय, तर, "अरे, ताक घुसळतोस काय?"

ते ताकाचं असं की नवीन माणूस अँप्यूल जोरात हलवतो. जोरात हलवलं की बुडबुडे होतात, आणि बुडबुडा हुबेहूब काचेसारखा चमकतो. पहिल्या दिवशी मी अर्धा ट्रे लाल डब्यात टाकला. बाईंनी एक एक परत काढून मला दाखवली. "बुडबुडा वर जातो. काच खाली बसते. धागा मधेच लोंबकळतो. हे तीन कळले की झालं तुझं शिक्षण. सातवीत हे नव्हतं ना?" मी म्हणालो, "नव्हतं." त्या म्हणाल्या, "मग आठवी समज."

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं. ते त्या प्रत्येकाला एकदाच सांगायच्या. मला सांगितलं तेव्हा हातात एक साफ अँप्यूल होती. म्हणाल्या, "भरणाऱ्यानंतर आपण आहोत. आपल्यानंतर कोण आहे?" मी म्हणालो, "पॅकिंगवाले." "ते खोकं बघतात. आपल्यानंतर फक्त सुई आहे." मग हातातली अँप्यूल ट्रेमध्ये ठेवली आणि पुढच्या पाच उचलल्या.

डोळ्यांचं त्यांना फार. काजळ घालणारी मुलगी त्यांच्या रांगेत बसू शकायची नाही. रात्री उशिराचा सिनेमा बघून आलं की सकाळी त्यांना दारातच कळायचं. बुधवारी त्यांच्या डब्यात शेवग्याच्या पाल्याची भाजी असायची आणि त्यातली अर्धी माझ्या झाकणात पडायची. "खा. कडू लागली तरी खा. डोळ्याला बरी." दर अर्ध्या तासाने त्या उठायच्या, खिडकीशी जायच्या आणि दूरच्या डोंगराकडे बघायच्या. मुलुंडच्या मागे तो डोंगर आहे, आता इमारतींत लपलाय. वर माथ्याला एक वेगळं उभं झाड होतं. "त्या झाडाच्या फांद्या मोज. जवळचं बघून थकलेला डोळा लांबचं बघून सुटतो." मी मोजायचो. तो डोंगर मला आमच्या गावच्या सड्यासारखा, त्या उघड्या कातळमाळासारखा वाटायचा, आणि मग डोळा सुटण्याऐवजी भरूनच यायचा.

ऑगस्टमध्ये गावाहून पत्र आलं. आई गेली होती, आणि पत्र पोचेपर्यंत तेरावंही उरकलं होतं. मी दुसऱ्या दिवशी कामावर आलो. टेबलावर बसलो आणि पेटीतला उजेड फुटायला लागला. बाईंनी माझ्या हातातल्या अँप्यूल काढून घेतल्या. खिशातून डोकावणारं पोस्टकार्ड वाचलं. ते परत माझ्या खिशात सरकवलं. मग म्हणाल्या, "रडायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी रड. रविवारी सुट्टी आहे. मधल्या वारी रडलास तर डोळे चुरचुरतात आणि ट्रे वाया जातात." बाई दगड आहे, असं तेव्हा मनात आलं. त्या दिवशी माझे सगळे ट्रे त्यांनी स्वतःच्या ट्रेंबरोबर तपासले, नोंद माझ्या नावावर केली, आणि मी चार तास खिडकीशी उभा राहिलो. हे आता लिहिताना नीट कळतंय.

त्यांच्या घरचं मला थोडंच माहीत होतं. मुलुंडलाच एका चाळीत राहायच्या. यजमान परळला गिरणीत होते आणि संपापासून, म्हणजे दीड वर्ष, घरी होते. मूलबाळ नव्हतं. एकदा एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे आता एकच भोंगा वाजतो, माझा." नवरा बोलत नाही, दिवसभर दारात बसतो, असं विमल सांगायची.

मी टेंपरवारी होतो. सहा महिने झाले की आठ दिवस घरी बसवायचे आणि परत नवीन म्हणून घ्यायचे, म्हणजे माणूस कायम होत नाही. दिवाळीला एक जागा कायम व्हायची होती आणि नाडकर्णी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "काम असंच ठेव. नाव पाठवतो." त्या एका वाक्यावर मी जगत होतो. गावाला आता परत जाण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मुंबईत पाय टेकायला तेवढंच होतं.

आणि ऑक्टोबरमध्ये, लख्ख उन्हात, काचबाई खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "आज धुकं आहे का रे डोंगरावर?"

मी डोंगराकडे बघितलं. झाड दिसत होतं. फांद्या दिसत होत्या. मी म्हणालो, "हो, आहे थोडं."

त्या दुपारी बायका जेवायला गेल्या तेव्हा मी मागे राहिलो. बाईंचा तपासलेला एक ट्रे माझ्या पेटीशी ओढला आणि पाच-पाच करून बघितला. दोन अँप्यूलमध्ये काच होती. बारीक नाही, चांगली दिसण्यासारखी. मी त्या माझ्या लाल डब्यात टाकल्या आणि ट्रे होता तसा ठेवला. आणि दाराकडे बघितलं, जणू चोरी मीच केली.

त्यानंतर तीन आठवडे मी जेवलो नाही असं म्हटलं तरी चालेल. जेवणाच्या सुट्टीत बाईंचे ट्रे बघायचो. रोज दोन, तीन, एकदा पाच निघाल्या. त्या माझ्या डब्यात मोजल्या जायच्या, माझ्या नावावरचा खराब माल वाढायचा, दुपारचं माझं स्वतःचं काम मागे पडायचं. आणि बाईंचे सगळेच ट्रे मला बघून व्हायचे नाहीत. अर्धे व्हायचे. उरलेले अर्धे ट्रॉलीवर चढून पॅकिंगला जायचे. मला ते जाताना दिसायचे. मी गप्प बसलो. मी ते बाईंसाठी केलं असं स्वतःला सांगत होतो. त्यांच्या घरी एकच पगार होता. पण सुईचं वाक्य मला पाठ होतं, तरी मी गप्प बसलो, हेही तेवढंच खरं.

नाडकर्णी साहेबांनी बोलावलं. "काय रे, काम का मंदावलं? दिवाळीला नाव पाठवू की नको?"

"पाठवा साहेब. डोकं दुखत होतं."

"डोकं गावाला ठेवून ये. शुक्रवारपर्यंत बघतो."

बाई खुळ्या नव्हत्या. बुधवारी शेवग्याची भाजी माझ्या झाकणात तशीच बघितली, मागच्या बुधवारीही तशीच होती. गुरुवारी जेवणाची घंटा झाली, बायका गेल्या, मी त्यांच्या ट्रेला हात घातला तर त्या दारात उभ्या.

"माझा ट्रे परत बघतोस तू?"

"नाही बाई. उचलून ठेवत होतो."

त्या आल्या, माझ्या टेबलाशी बसल्या, एप्रनच्या खिशातून आणि ट्रेमधून मिळून पाच अँप्यूल बोटांत धरल्या आणि पेटीतल्या उजेडात उलट्या-सुलट्या केल्या. तीच चाल, हळूच, बुडबुडा होऊ न देता. "सांग. यातल्या कितीत काच आहे?"

मला तिसरीत दिसली. मोठी, खाली घरंगळणारी. दिसायला एक क्षण लागला नाही. पण मला वाटलं, बाई माझी नाही, स्वतःची परीक्षा घेताहेत. हो म्हटलं तर त्यांना कळणार की आपल्याला ती दिसली नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "एकीतही नाही. साफ आहेत."

"नीट बघ."

"बघितल्या बाई. साफ आहेत."

त्यांनी बाकीच्या चार खाली ठेवल्या आणि तिसरी माझ्या बोटांत दिली. "बूड चाचपून बघ."

बुडाला बारीक ओरखडा होता. ती साहेबांची खुणेची अँप्यूल होती. दर महिन्याला नाडकर्णी साहेब अशा दहा खराब अँप्यूल कुणाच्या तरी ट्रेमध्ये गुपचूप मिसळायचे, बघायला की तपासणारीला सापडतात का. परत ओळखता याव्यात म्हणून बुडाला कानशीने एक ओरखडा मारलेला असायचा. इतका बारीक की डोळ्याला दिसू नये. कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंना बोटाला लागला होता.

"दोन महिने मी यांच्यावर पास होतेय," त्या म्हणाल्या. "डोळ्याने नाही. बोटाने. म्हटलं दिवाळीपर्यंत ओढू, मग बघू. मी खोटी, ते माझ्यापाशी. पण तू रे? तुला दिसली. दिसली ना? आणि साफ म्हणालास."

मी म्हणालो, "तुमच्यासाठी म्हणालो."

"माझ्या अंगात टोचणार आहेत का ती?"

हा त्यांचा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. त्या रागावल्या म्हणजे खालच्या आवाजात रागवायच्या. या वेळी मोठ्याने. आणि तशाच उठून, ती अँप्यूल हातात घेऊन, केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग गेलो.

केबिनला पातळ प्लायवूडचं पार्टिशन होतं. जेवून परतलेल्या बायका पलीकडे उभ्या आहेत हे मला माहीत होतं. बाई म्हणाल्या, "साहेब, माझी नजर गेलेली आहे. दोन महिने झाले. खुणेच्या बाटल्या मी चाचपून काढते. गोडाऊनमध्ये माझा जेवढा माल पडून आहे तो सगळा थांबवा आणि परत बघायला लावा." साहेब खुर्चीतून अर्धे उठले. बाई थांबल्या नाहीत. "आणि या मुलाचे आजवरचे ट्रेही परत बघा. याला ही काच दिसली आणि याने साफ म्हणून सांगितलं. एकदा साफ म्हणणारा दुसऱ्यांदा म्हणणार नाही कशावरून?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "खरं का रे?"

शुक्रवारपर्यंत बघतो, असं ते म्हणाले होते, आणि तो गुरुवार होता. माझ्या डोळ्यांपुढे भांडुपची खोली आली, गावचं बंद घर आलं. आणि त्याहून खरं सांगायचं तर मला अपमान वाटला. मी त्यांच्यासाठी तीन आठवडे उपाशी राहिलो आणि त्या मला साहेबांपुढे खोटारडा ठरवताहेत. मी ताठ उभा राहिलो.

"नाही साहेब. मला दाखवली ती ही नव्हती. त्या पाचही साफ होत्या. बाईंना दिसतच नाही, त्यांनी दुसरी कुठली उचलली असेल. त्यांना काय कळणार?"

बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. आता मला ठाऊक होतं की त्यांना माझा चेहरा नीट दिसत नाहीय, फक्त आकार दिसतोय. तरी मी नजर खाली घातली. त्या माझ्याविरुद्ध एक शब्दही पुढे बोलल्या नाहीत. अँप्यूल साहेबांच्या टेबलावर ठेवली, ती घरंगळू नये म्हणून बोटाने पेनाला टेकवली, आणि बाहेर गेल्या.

साहेबांनी माझं मानलं. आंधळ्या माणसाची साक्ष कोण धरणार? तरी कायदा म्हणून माझेही ट्रे परत काढले. विमलने मुद्दाम मागून घेतले. एक दिवसभर डोळे फाडून बघितले. संध्याकाळी म्हणाली, "एक नाही सापडली. एक पण नाही, मेल्या." आणि मग हळू आवाजात, "हे डोळे तुला शिकवले कोणी रे? तिलाच आंधळी म्हणालास?" त्यानंतर विमल माझ्याशी तीन वर्षं बोलली नाही. बाकीच्या अकराजणीही नाहीत. बोलायला बंदीच होती, त्यामुळे बाहेरच्या कुणाच्या लक्षात आलं नसेल. मला यायचं.

गोडाऊनमधला बाईंचा माल थांबवला गेला आणि तपासला गेला, त्यातून बऱ्याच निघाल्या. त्याच्या आधीचा बाजारात गेलेला होता. तो कुठे गेला, कुणाला टोचला, हे मला माहीत नाही. या वयातही कधी पेपरात इंजेक्शनाची बातमी दिसली की मी पान उलटतो.

साहेबांनी बाईंना लेबलच्या खात्यात ये म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "लेबलवरची तारीख तरी मला कुठे दिसते? उलटी चिकटवीन." दिवाळीच्या चार दिवस आधी त्या गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी आपली पेटी ओल्या फडक्याने पुसली, काळी पाटी, पांढरी पाटी, ट्यूबचं झाकण. बायका एकेक करून पाया पडल्या. विमल रडली, बाई तिला म्हणाल्या, "आज वार कुठला?" मग जाता जाता माझ्या टेबलाशी थांबल्या. मी अँप्यूल बघत होतो. बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "उलटी केल्यावर घाई करतोस तू. काच खाली यायला वेळ दे." मी मान वर केली नाही. मला वाटलं, आता तरी म्हणतील, चुकले मी. कशाला म्हणतील? चुकल्या कुठे होत्या? पण तेव्हा माझ्या डोक्यात हेच. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

पुढे मला त्या एकदाच भेटल्या, चार वर्षांनी, मुलुंडच्या पाच रस्ता चौकात, हातात भाजीची पिशवी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, जाड भिंगाचा चष्मा होता. मी हाक मारली तर म्हणाल्या, "सातवी पास का? अरे, या चष्म्यातून तुझं नाक केवढं दिसतं!" यजमानांचं विचारलं, तर म्हणाल्या गेले दोन वर्षांपूर्वी. त्या घरी पोळ्या करून देत होत्या. मी विचारलं, माझ्याकडे याल का एकदा, लग्न झालंय माझं. "बघू," म्हणाल्या. मग विचारलं, "पापणी किती वेळ धरतोस?" मी म्हणालो, अठरापर्यंत जातो. "कमी आहे," म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या. घरी काही आल्या नाहीत. पुढे चाळ पडली, माणसं पांगली. मी चौकशी केली, पण उशिरा केली.

पण मला सांगायचंय ते त्या शेवटच्या दिवसाच्या संध्याकाळचं. बाई दुपारी गेल्या आणि संध्याकाळी पाळी सुटताना नाडकर्णी साहेबांनी मला लांबट पाकीट दिलं. कायम झाल्याचं पत्र. हात मिळवला. "सातवी पास माणूस आमच्या खात्यात कायम, पहिलाच तू." मी ते पाकीट शर्टाच्या आत ठेवून भांडुपला गेलो. डोंगर चढून खोलीवर आलो तर दोघे झोपलेले, तिघे कामावर. पाकीट उघडलं. पत्र इंग्रजीत. माझं नाव ओळखू आलं, तारीख ओळखू आली, बाकी काही नाही. मी कायम झालो होतो आणि ते मला वाचता येत नव्हतं, आणि दाखवायला माणूस नव्हतं. झोपलेल्यांपैकी एकाला हलवलं, तर तो म्हणाला, "उद्या सांग रे," आणि कूस बदलली.

मी परत मुलुंडला आलो. बाईंच्या चाळीची वाट विचारत गेलो. वाचून दाखवा म्हणणार होतो, एवढंच; त्यांना दिसत नाही हे वाटेत डोक्यातच आलं नाही. दुसरं काही मनात नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. चाळीच्या तोंडाशी नळ होता, तिथून त्यांचं दार दिसलं. दार उघडं होतं. बाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, मांडीवर सूप, तांदूळ निवडत होत्या. बघून नाही. समोर कुठेतरी बघत, बोटांनी एकेक दाणा चाचपत. आणि तो न बोलणारा नवरा शेजारी स्टुलावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. मोठ्याने, अडखळत, पोराने धडा वाचावा तसा. मधेच बाई काहीतरी म्हणाल्या आणि तो हसला.

मी नळाशी उभा होतो. एका बाईने विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हणालो, "कोणी नाही." आणि वळलो. ते पाकीट घेऊन त्या दारात जायचं तर आधी एक गोष्ट करायला पाहिजे होती, आणि ती केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीच्या अर्धा तास आधी कंपनीत गेलो. तपासणीची खोली अजून उघडली नव्हती. नाडकर्णी साहेब केबिनमध्ये चहा ओतून घेत होते. मी आत गेलो, पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "साहेब, त्या दिवशी बाईंनी मला दाखवली ती तुमची खुणेचीच होती. तिसरीत काच होती. मला दिसली होती."